नुसते ओठ हलवा

"टीचर, आवाज नको. नुसते ओठ हलवा म्हणावं."

जयराज हे मला सांगत होता. शाळेच्या हॉलमध्ये मी पेटी घेऊन बसले होते, समोर दुसरीची पोरं रांगा करून उभी होती, आणि सांगलीहून आलेला हा डान्सवाला हातात मोबाईल धरून मला समजावत होता की गाण्याच्या तालमीत गायचं नसतं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"ट्रॅक लागणार ना टीचर. पोरांनी तोंडं हलवायची फक्त. मधेच खरा आवाज आला की ट्रॅकमध्ये मिसळतो. घाण वाटतं."

घाण. सात वर्षांच्या पोरांच्या आवाजाला तो घाण म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात, शकिला टीचर संगीत शिकवते आणि एवढी तापट कशी? अहो, संगीत शिकवते म्हणूनच तापट आहे. दिवसभर कान उघडे ठेवून बसणाऱ्या माणसाला काय काय ऐकावं लागतं ते बाकीच्यांना काय ठाऊक!

"जयराज, तू तुझं नाचाचं बघ," मी म्हटलं. "गाणं माझं आहे."

तो हसला. वाईट मुलगा नाही तो. डिसेंबर लागला की बुलेटवर बसून चार-पाच शाळांची गॅदरिंगं बसवत फिरतो, पोरांना चॉकलेटं वाटतो. पण त्याचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

"माझं काही नाही टीचर. सिस्टरांनीच सांगितलंय. त्यांना विचारा."

पोरांना तिथंच उभं ठेवून मी ऑफिसकडे निघाले.

आमच्या शाळेला नाव चांगलं लांबलचक आहे, पण आष्ट्यापासून इकडे सगळे तिला सिस्टरांची शाळा म्हणतात. माझं माहेर मिरजेचं, वाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीतलं. लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हा सासरी कुणाला वाटलं नव्हतं की सून पेटी वाजवायला बाहेर पडेल, आणि तीही ख्रिस्ती शाळेत. मुसलमानाची बाई येशूची प्रार्थना शिकवणार म्हणून दोन्हीकडून लोक बोलले. तेव्हा सिस्टर ऑगस्टा हेड होत्या. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. म्हणाल्या, प्रार्थना आम्ही शिकवू, ही बाई ती सुरात म्हणायला शिकवेल. माझ्या नवऱ्यानं, तारिकनं, ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतः एसटीत बसवून दिलं.

मी शिकवते ते असं. पहिलीचं पोर आलं की त्याला गाणं देत नाही. त्याला एकट्याला पेटीजवळ घेते, त्याचा एक तळहात पेटीच्या लाकडावर ठेवते आणि दुसरा त्याच्या छातीवर. मी एक सूर धरते. त्यानं तोंड मिटून गुणगुणायचं. लाकडातली थरथर आणि छातीतली थरथर एक झाली की पोराला आपोआप कळतं, ते हसायला लागतं. कुणाला दोन दिवसांत जमतं, कुणाला दिवाळी उजाडते. उजाडू दे. बेसूर हा शब्द माझ्या वर्गात मी कुणाला उच्चारू देत नाही. सिस्टर ऑगस्टा दारात उभ्या राहून बघायच्या आणि कधी घाई करायच्या नाहीत. त्यांची बदली झाली आणि सिस्टर बेनेडिक्टा आल्या.

सिस्टर बेनेडिक्टा टेबलाशी बसून कसल्या तरी फायली बघत होत्या. मी आत गेले ते न विचारताच.

"सिस्टर, पोरांनी गायचं नाही असं तुम्ही सांगितलंत?"

"बसा, शकिला टीचर."

"मी बसायला आले नाही."

त्यांनी चष्मा काढला. त्या मंगळूरच्या, मराठी शिकून बोलतात, त्यामुळे प्रत्येक शब्द तोलून येतो. "मागच्या वर्षीच्या गाण्याचा व्हिडिओ एका पालकानं टाकला होता. खाली लोकांनी काय लिहिलं ते तुम्ही वाचलंत का? हे गाणं आहे की आठवडा बाजार, असं लिहिलं. ते वाचून मला रडू आलं."

"लहान पोरं आहेत ती. चाळीस गळे आहेत. चाळीस गळे एकत्र आले की तसंच ऐकू येतं. तसंच यायला पाहिजे."

"बायपासला ती नवीन शाळा झाली आहे. त्यांचे व्हिडिओ बघा. पहिलीत यंदा आपली किती मुलं कमी झाली हे तुम्हाला माहीत आहे. मला शाळा चालवायची आहे, टीचर."

"मग संगीताचा तास ठेवलाय कशाला?"

"तेच तर ट्रस्ट मला विचारत आहे," सिस्टर म्हणाल्या.

माझी नेमणूक दर जूनला नवी होते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी ते धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, हेही मला कळत होतं. त्यानं राग कमी झाला नाही, उलट वाढला. वाईट माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्या चांगल्या माणसाशी कसं भांडायचं?

त्यांनी आणखी एक मार्ग काढला होता. मी चार चांगल्या आवाजाची मुलं निवडायची, जयराज त्यांना सांगलीच्या स्टुडिओत नेऊन ट्रॅक करून आणेल. मी सांगितलं, मी पोरांना चाळण लावत नाही. मग जयराजनं काय करावं? स्वतःच्या भाचीला माइकसमोर उभं केलं, तिच्या एकटीच्या आवाजाच्या कॉम्प्युटरवर कितीतरी नकला काढल्या आणि एकावर एक चढवल्या. झाला आमच्या दुसरीचा वर्ग. गुळगुळीत. कुठं श्वास नाही, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. मी तो ट्रॅक ऐकला त्या रात्री जेवले नाही. तारिक म्हणाला, "अगं, नाताळ यांचा, शाळा यांची, तू कशाला जिवाला लावून घेतेस?" त्याच्यावरही ओरडले. बिचारा ताट घेऊन बाहेर जाऊन बसला.

गाणं मात्र माझं होतं. सिस्टर ऑगस्टांच्या सांगण्यावरून मी ते केलं होतं, आणि नाताळच्या गॅदरिंगला दुसरीचा वर्ग दरवर्षी तेच म्हणायचा. येशूबाळाला बघायला मेंढपाळ येतात, ते म्हणतात:

रान सोडून आलो आम्ही, पाय धुळीनं माखले,
दार उघडा मायबाई, कोकरू गारठले.

यंदा ही दुसरी ओळ प्रांजलसाठी मी मनात राखून ठेवली होती.

प्रांजल ही आकारामची मुलगी. आकाराम जतकडचा, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. आता तो शाळेमागच्या पोल्ट्रीवर कामाला आहे, आणि त्याची आई हरणाबाई चार शेळ्या राखते. प्रांजल पहिलीत आली आणि तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या, कुणाला लागलं का म्हणून. रानात हाक मारायची सवय असलेला आवाज तो. तो दबकत नाही, लाजत नाही, सरळ निघतो आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. तिचा तळहात पेटीवर ठेवला तर तिनंच पेटीला थरथरवलं. दीड वर्ष मी तिला एवढंच शिकवलं, की हाच आवाज, असाच, पण सुरावर उभा कर. आणि तिनं केला.

हरणाबाई रोज शाळा सुटताना फाटकाशी येऊन बसायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पोरांचा लोंढा बाहेर पडला की ती मान कलती करायची आणि त्या गोंगाटातून प्रांजलचा आवाज नेमका उचलून "ये गं" म्हणून हात पुढे करायची. मी एकदा विचारलं, आजी, एवढ्या कालव्यात कसं कळतं?

"आवं बाई, त्यात काय," ती म्हणाली. "मेंढी कोकराला वळखती ती आवाजावरच. सांजच्याला कळप आला की समदी कोकरं एकदम वरडत्यात, पर एक मेंढी चुकत न्हाई. आमी तर मान्सं हाय."

म्हणून मी पुन्हा सिस्टरांकडे गेले. भांडायला नव्हे, मागायला. मागणं मला जमत नाही, पण गेले. म्हटलं, ट्रॅक लावा, ओठ हलवू देत सगळ्यांना. फक्त एक ओळ खरी असू दे. प्रांजलची. माइकवर.

सिस्टरांनी विचारलं, "एकच ओळ?"

"एकच."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी फाटकाशी मी हरणाबाईला सांगितलं, "आजी, गॅदरिंगला यायचं. प्रांजल एकटी ओळ म्हणणार आहे. सगळ्या गावाला ऐकू जाईल."

"येतो की," ती म्हणाली. "बघायचं न्हाई झालं तर न्हाई, ऐकतो."

मग तालमी. त्या तालमी आठवल्या की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जयराज आठवड्यातून दोनदा यायचा, उरलेले दिवस काम माझ्यावर. त्याचा नियम सोपा होता. ज्याचा आवाज बाहेर येईल तो मागच्या रांगेत. पोरांना पुढच्या रांगेत राहायचं असतं, आईबाप पुढच्या रांगेचेच व्हिडिओ काढतात. त्यामुळे पोरं लवकर शिकली. सुरुवातीला कुणीतरी चुकून गायचं आणि बाकीची त्याच्याकडे वळून बघायची. मग तेही थांबलं. मान थोडी कलती करायची, दात दिसतील असं हसायचं, 'आ' आला की तोंड उघडायचं, 'ऊ' आला की चंबू करायचा. हे सगळं मी शिकवलं. पेटीचं झाकण लावून, त्या भाचीच्या आवाजावर, मी माझ्या पोरांना मुकं व्हायला शिकवलं, कारण मला जूनमध्येही तो तास हवा होता. प्रांजल तेवढी स्वतःची ओळ आली की मोकळी व्हायची. त्या एका ओळीसाठी मी बाकीचं सगळं गिळत होते.

गॅदरिंगच्या दिवशी मैदान भरलं होतं. हरणाबाई खुर्चीवर बसली नाही, स्टेजच्या पुढ्यात जमिनीवर बसली, नवं लुगडं नेसून. स्टेजवर पोरं चकचकीत निळ्या साटीनचे झगे घालून आली. मेंढपाळ म्हणे. आकाराम बाजूला उभा होता, तो हळूच म्हणाला, "टीचर, असलं घालून मेंढरांमागं गेलं तर मेंढरं पळून जात्याल." मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

ट्रॅक लागला. पोरांचे ओठ एकजात हलायला लागले. पालकांचे मोबाईल वर झाले. मी विंगेत उभी होते. दुसरी ओळ आली, प्रांजल एक पाऊल पुढे आली, तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि तोंड उघडलं. तिच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसली. आणि कर्ण्यातून आवाज आला तो जयराजच्या भाचीचा.

माइक बंद होता.

प्रांजल गात होती. जीव खाऊन गात होती. पण एवढ्या मोठ्या कर्ण्यांपुढे पोरीचा गळा काय करणार? ओळ संपली. टाळ्या पडल्या.

मी पडद्यामागून जयराजच्या टेबलाशी गेले. "माइक का बंद केलास?"

"टीचर, रिस्क नको म्हटलं. ट्रॅकमध्ये ती ओळ होतीच. बघा ना किती क्लीन गेलं."

त्याच्या लॅपटॉपचं झाकण त्याच्या बोटांवर आपटावं असं मला वाटलं. हात उचललाही होता. पण पुढच्या आयटमची बालवाडीची पोरं पाठीला कागदी पंख लावून कोंबडीची पिल्लं होऊन उभी होती, त्यातलं एक मला बघून लाजलं. मी हात खाली घेतला.

"तुला लाज वाटत नाही," मी म्हटलं. "एका पोरीची एक ओळ होती. तेवढीही तुला ठेववली नाही."

तो खरोखरच गोंधळला. "टीचर, चांगलं व्हावं म्हणूनच केलं की."

प्रांजल पायऱ्यांवर भेटली. झगा दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. "टीचर, माझा आवाज घाण हाय का?"

"कोण म्हणालं?"

"सर म्हनले. घाण वाटंल म्हनून माईक बंद ठिवला."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला सांगितलं की तुझ्यासारखा आवाज मी मिरजेतसुद्धा ऐकला नाही. खरं तेच सांगितलं. ती मान हलवत होती, पण बघत होती माझ्या खांद्यावरून पलीकडे, जिथं जयराजच्या पाठीवर पालक थापा मारत होते.

हरणाबाई अजून जमिनीवरच बसली होती. मी तिच्या नातीला हाताला धरून नेलं.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या पोरीचं कवा हाय?"

"झालं की आज्जे," प्रांजल म्हणाली. "म्या म्हनली. लय जोरात म्हनली."

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं नातीचा हात चाचपला, मग स्वतःच्या कानाला हात लावला. "मला न्हाई गं ऐकू आली. डोळं तर गेल्यातच. आता कान बी गेलं म्हनायचं."

"आजी, तुमच्या कानांना काही झालं नाही," मी म्हटलं. "माइक बंद होता."

"का बरं बंद हुता?"

मी एवढंच म्हटलं, "सुट्टीनंतर माझ्या तासाला या. वर्गाच्या दारात बसा. तिथं माइक नाही, कर्णा नाही, कुणाच्या हातात बटण नाही. पोटभर ऐका."

"येतो," ती म्हणाली, पण कान चोळत.

त्याच रात्री, मांडव उतरवत होते तेव्हा मी सिस्टरांना गाठलं. कुणी ऐकतंय की नाही ते पाहिलं नाही.

"सिस्टर, येशूच्या जन्माची खबर पहिल्यांदा मेंढपाळांना लागली, हे तुम्हीच पोरांना सांगता ना? मग मेंढपाळाची खरी पोरगी तुमच्या दारात आली तर तिचा आवाज बंद केलात, आणि झगे घालून खोटे मेंढपाळ उभे केलेत. ती म्हातारी आपण बहिरे झालो म्हणून घरी गेली. तिला सांगा तुमचा व्हिडिओ किती चांगला झाला ते."

"माइकचं मला माहीत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग म्हणाल्या, "मी तिची माफी मागेन. पण टीचर, ट्रस्टच्या लोकांना कार्यक्रम फार आवडला. पुढच्या वर्षीही संगीताचा तास राहील. तुम्हीच घ्याल."

तास मिळाला मला. घरी येऊन तारिकला सांगितलं तर तो खूश झाला. मला झोप लागली नाही.

नाताळची सुट्टी संपली. दुसरीचा पहिला तास माझाच होता. हरणाबाई आली होती. सिस्टर बेनेडिक्टांनी स्वतः तिचा हात धरून तिला वर्गापर्यंत आणलं, दारात सतरंजी घातली आणि त्याही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. वाटलं, सिस्टर निदान ऐकायला तरी आल्या.

मी पोरांना म्हटलं, "आज आजींसाठी म्हणायचं. आपलं मेंढपाळाचं गाणं. मोकळा आवाज, छातीतून."

पोरं आपापली उठली. न सांगता त्यांनी रांगा केल्या, उंच मागे, बुटकी पुढे. मी पेटीचं झाकण उघडलं, भाता ओढला, सूर धरला. दोन मात्रा सोडून मान हलवली. घ्या.

चाळीस माना एकदम कलत्या झाल्या. चाळीस तोंडांवर हसू आलं. 'रान सोडून' ला ओठ उघडले, 'आलो' ला गोल झाले, 'माखले' ला मिटून पुन्हा उघडले. एकही पोर चुकलं नाही. वर्गात फक्त माझी पेटी वाजत होती आणि शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येत होते. मला वाटलं, दुसऱ्या ओळीला तरी. प्रांजल पुढे आली. तिची नजर माझ्यावर होती, गळ्याची शीर ताठ होती, तोंड नेहमीसारखं पूर्ण उघडलं होतं, आणि त्यातून काही येत नव्हतं.

मी वाजवत राहिले. थांबले असते तर पोरांना वाटलं असतं, आपलं काही चुकलं.

दारात हरणाबाई मान कलती करून, एक कान वर्गाकडे करून बसली होती. सिस्टर भिंतीला टेकल्या होत्या, त्यांनी हात तोंडावर नेला होता.

"बाई," हरणाबाई म्हणाली, "पोरं कवा सुरू करनार?"